हैबती, टॉवेल आणि शाळेचं नेटवर्क

गोंदणखोरं नावाचं एक गाव होतं. दर गावाला देव एक विहीर देतो, एक पार देतो आणि एक भोळा माणूस देतो. गोंदणखोऱ्याची विहीर उन्हाळ्यात आटायची, पार अर्धा ढासळला होता, पण भोळा माणूस मात्र देवानं सढळ हातानं दिला होता. त्याचं नाव हैबती.

हैबती वाईट नव्हता. आळशी तर मुळीच नव्हता. सांगितलेलं काम तो करायचा. अडचण एवढीच, की तो सांगितलेलंच काम करायचा. एकदा त्याच्या आईनं, कोंडाबाईनं, चुलीवर दूध ठेवलं आणि शेजारी जाताना सांगितलं, "दुधावर नजर ठेव. हलवू नगंस." हैबतीनं नजर ठेवली. दूध तापलं, वर आलं, पातेल्याच्या काठावरून खाली उतरलं आणि चूल विझवून वाटेला लागलं. आई परत आली आणि कपाळाला हात लावून म्हणाली, "आरं, दूध उतू गेलं की."

"व्हय आये," हैबती म्हणाला. "म्या बगितलं. पयल्यापासनं शेवटपातुर."

असा हा हैबती. त्याला कुठं काम टिकेना. आणि मग गावच्या शाळेत सहा संगणक आले.

संगणकांबरोबर ढवळे मॅडम आल्या. त्यांनी निळ्या तारा घेतल्या, सहाही संगणक एकमेकांना जोडले आणि मुलांना सांगितलं, की याला नेटवर्क म्हणतात. एकटा संगणक म्हणजे खोलीत कोंडलेला हुशार माणूस. त्याला दुसऱ्याशी बोलता आलं, तर त्याच्या हुशारीचा उपयोग. हेडमास्तर पिसाळ सरांनी खोली झाडायला, कुलूप उघडायला आणि कोंबड्या हाकलायला हैबतीला ठेवलं. तात्पुरता. आणि दाराशी बसायला त्याला एक स्टूल दिलं.

त्या स्टुलाचं काय सांगावं. हैबती जन्मभर पायरीवर, बांधावर, नाहीतर उकिडवा बसलेला माणूस. स्वतःची म्हणावी अशी बसायची जागा त्याला पहिल्यांदाच मिळाली होती. तो रोज सकाळी आधी स्टूल पुसायचा आणि मग संगणक. घरी जाताना स्टुलाकडं एकदा वळून बघायचा.

एक दिवस पिसाळ सर तोंड पाडून आले. पलीकडच्या पिंपळदऱ्याच्या शाळेनं वर अर्ज केला होता, की गोंदणखोऱ्याला काय करायचेत संगणक, आम्हाला द्या. तालुक्याचे साहेब तपासणीला येणार होते. नेटवर्क नीट चाललेलं दिसलं, तर संगणक इथंच राहणार. नाही दिसलं, तर पिंपळदऱ्याला जाणार.

"आनि स्टूल?" हैबतीनं विचारलं.

"संगणक गेले की खोलीला कुलूप," सर म्हणाले. "मग तू स्टुलावर बसून काय राखणार, हवा?"

हैबतीनं दोन्ही हातांनी स्टूल धरून ठेवलं. त्याचा चेहरा बघून ढवळे मॅडमना वाईट वाटलं. त्या म्हणाल्या, "घाबरू नकोस. तपासणीच्या दिवशी तुझी मदत लागेल. म्हणून मी मुलांना शिकवते ते तूही ऐकत जा. आणि ऐकशील ते मनाशी पक्की खूणगाठ बांधून ठेव."

हैबतीनं विचार केला. मन काही हाताला लागेना. त्यामुळं खांद्यावर टॉवेल होता, त्यालाच गाठ बांधायचं त्यानं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी पहिला धडा घेतला. "मुलांनो, मोठा निरोप तारेतून एकदम जात नाही. त्याचे लहान लहान तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्यावर नंबर घालायचा, कुणाकडं जायचंय त्याचा पत्ता आणि कुणी पाठवलं त्याचाही पत्ता घालायचा. मग एक तुकडा या वाटेनं जाईल, दुसरा त्या वाटेनं. एक वाट भरलेली असली, तर दुसरी धरायची. पोचले की नंबरानं जोडायचे. झाला निरोप पुन्हा अख्खा."

दाराशी स्टुलावर हैबतीनं मान डोलावली आणि टॉवेलाला पहिली गाठ मारली.

त्याच दुपारी पिसाळ सरांनी त्याला हाक मारली. शाळेनं स्नेहसंमेलनाच्या तालमीसाठी भजनी मंडळाची बाजाची पेटी आणली होती. "ही दगडूतात्यांच्या घरी पोचव," सर म्हणाले. "जपून. पन्नास वर्षांची पेटी आहे."

हैबतीनं पेटी उचलून बघितली. जड होती. मोठी होती. एकदम जाण्यातली नव्हती. तो पेटी घेऊन चिंचेखाली बसला आणि तिचे तुकडे केले. भाता वेगळा, खुंट्या वेगळ्या, पट्ट्या वेगळ्या. खडूनं प्रत्येकावर नंबर घातला आणि पत्ता घातला. भाता दूधवाल्याच्या मोटरसायकलवरून गेला. खुंट्या धुण्याला निघालेल्या बायकांच्या पाट्यांतून गेल्या. पट्ट्या मिळेल त्याच्या खिशातून गेल्या. शेवटी एक पट्टी उरली आणि तोवर सगळ्या वाटा भरल्या होत्या. समोरून सखू धनगरीण शेळ्या घेऊन चालली होती. हैबतीनं ती पट्टी एका शेळीच्या गळ्यात बांधली.

दगडूतात्या ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. दूधवाला आला आणि त्यांच्या पुढ्यात भाता ठेवून गेला. मग एक बाई आली आणि खुंट्या ठेवून गेली. मग जो येईल तो पेटीचा एकेक अवयव ठेवून जाऊ लागला. तात्यांच्या हातातला अडकित्ता तसाच राहिला. सगळ्यांत शेवटी धापा टाकत हैबती आला.

"नंबरानं जोडा, तात्या," तो म्हणाला. "एक सूर तेवढा वाटंत हाय. चरतोय."

तात्यांनी चार शिव्या दिल्या आणि पेटी जोडली. पण शेळी काही त्या वाटेला आली नाही. एकादशीला भजन बसलं, तेव्हा तो सूर आला की तात्यांचं बोट हवेत थांबायचं आणि सगळं मंडळ दाराकडं बघायचं, शेळी आली का म्हणून.

तक्रार शाळेत आली. ढवळे मॅडम म्हणाल्या, "अरे हैबती, तुकडे निरोपाचे करतात. वस्तूचे नाही करायचे कधी. आणि शिवाय तू पोच कुठं घेतलीस? प्रत्येक तुकड्याची पोच घ्यायची असते. पलीकडून पोच आली तर ठीक. नाही आली, तर तेच पुन्हा पाठवायचं. पोच येईपर्यंत पाठवायचं."

"चुकलंच मॅडम," हैबती म्हणाला. "फुडच्या बारीला न्हाई चुकायचो." आणि त्यानं टॉवेलाला दुसरी गाठ मारली.

पुढची बारी लांब नव्हती. पिसाळ सरांच्या घरी सत्यनारायण होता. पिसाळकाकूंनी हैबतीच्या हातात शिऱ्याचं पातेलं दिलं आणि सांगितलं, "आधी मठीतल्या मौनीबाबांना प्रसाद पोचव, मग गावात वाट."

मौनीबाबांनी कितीतरी वर्षांपूर्वी बोलणं सोडलं होतं. का सोडलं, ते कुणाला ठाऊक नव्हतं, कारण ते बोलत नव्हते. हैबतीनं त्यांच्यापुढं द्रोण भरून शिरा ठेवला. बाबांनी डोळे मिटून प्रसाद खाल्ला आणि हात वर करून आशीर्वाद दिला.

"पोचला का, बाबा?" हैबतीनं विचारलं.

बाबा गप्प.

हैबती थोडा थांबला. पोच आली नाही. म्हणजे प्रसाद पोचला नाही. त्यानं पुन्हा द्रोण भरला. आता गोष्ट अशी, की प्रसादाला नाही म्हणू नये आणि पानात टाकू नये, ही आपली रीत. बाबा तर साधू माणूस. त्यांनी दुसराही द्रोण संपवला.

"पोचला का?"

बाबांनी मान हलवली. पण मान तर वाऱ्यानं झाडाचीही हलते. हैबतीनं पुन्हा भरला. बाबांनी हात जोडले. हैबतीनंही उलट हात जोडले आणि पुन्हा भरला. पातेल्याचा तळ दिसू लागला. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. हैबती पातेलं खरवडून शेवटचा द्रोण भरत होता, तेव्हा मठीत एक खरखरीत आवाज घुमला. बरीच वर्षं न वापरलेला आवाज होता तो.

"पोचला रं बाबा," मौनीबाबा म्हणाले. "पार गळ्यापातुर पोचला."

हैबतीला फार समाधान वाटलं. गावात मात्र हाहाकार झाला. बाबांचं मौन मोडलं, आणि सत्यनारायणाला आलेल्या पाहुण्यांना नुसतं तीर्थ पिऊन घरी जावं लागलं.

"सगळं एकाच माणसाला घातलंस?" पिसाळ सर ओरडले. "बाकीच्या गावाचं काय?"

हैबतीनं तिसरी गाठ मारली. एकालाच द्यायचं नाही, सगळ्यांना द्यायचं.

मॅडमचा त्या दिवशीचा धडाही नेमका जुळून आला. त्या मुलांना सांगत होत्या, "सगळ्या तारा एका डबीत येतात. जुन्या पद्धतीची डबी असेल, तर तिला अक्कल कमी. एकाचा निरोप आला, की ती सगळ्यांना देऊन टाकते. ज्याचा असेल तो घेतो, ज्याचा नसेल तो सोडून देतो. नवी डबी शहाणी. ती पत्ता बघते आणि ज्याचं त्यालाच देते." इथं कोंबडी आत आली, म्हणून हैबती तिला हाकलायला बाहेर गेला. शहाण्या डबीचं सगळं बोलणं त्याच्या माघारी झालं.

दोन-चार दिवसांनी चावडीवर ग्रामसभा भरली. पिसाळ सर तिथं बोलायला गेले होते. एवढ्यात पिसाळकाकू पदर सावरत शाळेत आल्या आणि हैबतीच्या कानाशी येऊन म्हणाल्या, "हैबती, सरांची कवळी घरीच राहिलीय, ग्लासात. त्यांना निरोप दे. जा लौकर."

हैबती लौकर गेला. तो थेट मारुतीच्या देवळात गेला, कारण गावाचा कर्णा तिथं होता. त्यानं बटण दाबलं, घसा खाकरला आणि सगळ्या गावाला सांगितलं, "कवळी घरी ऱ्हायलीया. ग्लासात हाय. ज्याची आसंल त्यानं घिऊन जावी. ज्याची नसंल त्यानं ह्यो निरोप सोडून द्यावा."

गावानं निरोप सोडला नाही. चावडीवर जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडं बघू लागला. तीन म्हाताऱ्यांनी आपापली तोंडं चाचपून घेतली. पिसाळ सर भाषणाला उभे राहिले होते, ते ओठ घट्ट मिटून तसेच खाली बसले. गावाला वाटलं, सरांनीही मौन धरलं.

यावेळी मॅडमनी हैबतीला समोर बसवून समजावलं. हसू आवरत त्या म्हणाल्या, "अरे, काही गोष्टी खाजगी असतात. त्या अशा उघड्यावर टाकायच्या नसतात. आपल्या नेटवर्कलासुद्धा दार असतं. परवलीचा शब्द सांगेल त्यालाच आत सोडायचं. तोंडओळखीवर जायचं नाही. मी अमुक आहे, मी तमुक आहे, असं कुणीही म्हणेल. आणि शब्द असा ठेवायचा, की सहज कुणाला सुचणार नाही."

"बराबर हाय," हैबती म्हणाला आणि चौथी गाठ मारली.

संध्याकाळी कोंडाबाई रानातून आली. डोक्यावर वैरण, हातात खुरपं. दाराशी हैबती आडवा उभा होता.

"शब्द सांग," तो म्हणाला.

"कसला शब्द? सर बाजूला."

"परवलीचा. त्येच्याबिगर आत सोडायचं न्हाई."

"आरं, मी तुझी आय हाय."

"तसं कुनीबी म्हनंल," हैबती म्हणाला.

कोंडाबाईनं भारा खाली टाकला आणि खुरपं उगारलं. हैबती दोन पावलं मागं सरकायच्या ऐवजी दोन पावलं पुढं सरकला आणि उंबऱ्याच्या बाहेर आला. बाहेर आल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की आता आपणही बाहेर आहोत. आत जायचं तर शब्द पाहिजे. शब्द त्यानं असा ठेवला होता, की सहज कुणाला सुचणार नाही. आता तो त्यालाही सुचेना.

"आता?" आईनं विचारलं.

"बस," हैबती म्हणाला. "आठवला की जाऊ."

मायलेकरं अंगणात बसली. आत भाकरीचं पीठ, बाहेर भूक. शेवटी कोंडाबाई उठली, त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि सरळ घरात गेली. हैबती मात्र बराच वेळ बाहेर बसला. तो नेमाचा माणूस होता.

सकाळी कोंडाबाई शाळेत येऊन मॅडमपुढं हात जोडून उभी राहिली. "बाई, त्येला शिकवू नगा. आदी बरा व्हता. निस्तं दूध उतू जायाचं."

तपासणी दारात येऊन ठेपली होती. मॅडमनी हैबतीला सांगितलं, "उद्या तू फक्त शाळेपुढचं गवत काप आणि स्टुलावर बसून राहा. दुसरं काही करू नकोस." हैबतीला ते फार सोपं वाटलं. त्यानं त्याला गाठसुद्धा मारली नाही.

साहेब आले. अंगानं भरदार, पांढरा सफारी घातलेले, चेहऱ्यावर कंटाळा. दारात हैबती विळा घेऊन गवत कापत होता, त्यानं विळ्यासकट नमस्कार केला. साहेब जरा बाजूनं गेले. आत मुलं सज्ज होती. एका कोपऱ्यातल्या मुलीनं पहिल्या संगणकावर लिहिलं, "साहेबांचं स्वागत असो." दुसऱ्या कोपऱ्यातल्या सहाव्या संगणकावर ते उमटलं. साहेब पहिल्यापाशी गेले, स्वतः काहीतरी लिहिलं आणि खोली ओलांडून सहाव्यापाशी जाऊन वाचलं. त्यांचा कंटाळा गेला. त्यांनी पुन्हा लिहिलं, पुन्हा जाऊन वाचलं. मुलं टाळ्या वाजवायला लागली. ढवळे मॅडमचे डोळे भरून आले.

मग पंगत झाली. पुरणपोळी होती, वर कटाची आमटी. साहेबांनी लाजत नाही नाही म्हणत पोळ्या खाल्ल्या. हात धुऊन त्यांनी कागदावर लिहिलं, की संगणक गोंदणखोऱ्याच्या शाळेतच राहावेत, आणि खाली झोकदार सही केली. "हा आज कचेरी बंद व्हायच्या आत तालुक्याला पोचवा," ते जांभई देत म्हणाले. "उद्या पिंपळदऱ्याचा अर्ज मंजूर व्हायचाय. मी जरा पाठ टेकतो." हेडमास्तरांच्या खोलीत दोन बाकं जोडून त्यावर चादर घातली होती. साहेब आडवे झाले आणि घोरू लागले.

आता शाळेच्या तारा सगळ्या खोलीतल्या खोलीत फिरणाऱ्या. तालुक्याला जाणारी लाईन अजून गावात यायची होती. कागद हातानंच न्यायला हवा होता. पिसाळ सर साहेबांच्या ड्रायव्हरला जेवायला घेऊन घरी गेले होते. मॅडमच्या भोवती मुलांची पंगत बसली होती, हात वाढण्यात गुंतले होते. दुसरं कुणीच नव्हतं. मॅडमनी एक मोठा श्वास घेतला.

"हैबती, तालुक्याची एसटी आता येईल," त्या म्हणाल्या. "या कागदावर साहेबांचा निरोप आहे. हा पोचला, की संगणक आपले. तुझं स्टूलही तुझं. नीट पोचव. आणि हा माझा मोबाईल जवळ ठेव, पोचला की सरांच्या फोनवर कळव."

हैबती चिंचेखाली जाऊन बसला. आज काही चुकायचं नाही, असं त्यानं ठरवलं होतं. त्यानं टॉवेल पुढ्यात घेतला आणि गाठी चाचपल्या. पहिली गाठ. वस्तूचे तुकडे करायचे नाहीत, निरोपाचे करायचे. पेटी ही वस्तू होती, तिथं चुकलं होतं. आणि हा तर मॅडमच म्हणाल्या, निरोप आहे.

त्याला हायसं वाटलं. कागद फाडणं बरं दिसत नाही, म्हणून त्यानं विळ्यानं त्याचे नीट तुकडे केले. प्रत्येकावर नंबर घातला, तालुक्याच्या कचेरीचा पत्ता घातला आणि पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून मोबाईलचा नंबर घातला. एक तुकडा एसटीच्या कंडक्टरला दिला. एक दूधवाल्याला दिला. एक मौनीबाबांना दिला, ते तालुक्याला पोटाच्या औषधाला चालले होते. ज्यावर सही होती तो तुकडा उरला, आणि तोवर सगळ्या वाटा भरल्या होत्या. समोरून सखू धनगरीण शेळ्या घेऊन तालुक्याच्या बाजाराला चालली होती.

मग तो स्टुलावर येऊन बसला आणि पोचेची वाट बघू लागला.

बऱ्याच वेळानं मोबाईल वाजला. पलीकडून कचेरीतले कारकून भाऊसाहेब बोलत होते. "अहो, हे काय चाललंय? कंडक्टर येतो, तुकडा देतो. दूधवाला येतो, तुकडा देतो. एक साधू आला, टेबलावर तुकडा ठेवून नुसता बघत बसला."

"पोचलं का?" हैबतीनं विचारलं.

"पोचलं, जोडलं. पण सही कुठंय?"

"शेळीबरुबर धाडलीया."

"शेळी आली होती. तुकडा तिनं खाल्ला. ती बाई रडतीय इथं." भाऊसाहेबांनी सुस्कारा टाकला. "हे बघा, सही नसेल तर या कागदाचा काही उपयोग नाही. कचेरी बंद व्हायच्या आत सही तेवढी पुन्हा पाठवा. नाहीतर उद्या संगणक पिंपळदऱ्याला."

"फुन्यांदा धाडतो," हैबती म्हणाला. दुसरी गाठ तेच सांगत होती. पोच आली नाही, तर तेच पुन्हा पाठवायचं.

पण सही आणायची कुठून? हैबतीनं डोकं चालवलं. सही साहेबांची. साहेब आत झोपलेले. म्हणजे साहेबांना पाठवायला हवं. त्यानं दारातून डोकावून बघितलं. साहेब मोठे होते. एकदम जाण्यातले नव्हते. आणि वस्तूचे तुकडे करायचे नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण साहेबांना वस्तू कसं म्हणावं? एवढा मोठा माणूस. शिवाय सगळे साहेब लागतच नव्हते. भाऊसाहेब स्वच्छ म्हणाले होते, सही तेवढी पाठवा. ती तर त्यांच्या हातात होती.

हैबती पाऊल न वाजवता आत गेला. त्यानं साहेबांची बाही हळूच वर केली आणि खडूनं दंडावर नंबर घातला. मनगटाजवळ तालुक्याचा पत्ता लिहिला. अक्षर सुवाच्य काढलं. तेवढ्यात त्याला शंका आली, की साहेब सही कुठल्या हातानं करतात ते आपण नीट बघितलं नव्हतं. चुकीचा हात गेला, तर पुन्हा सगळा व्याप. म्हणून त्यानं साहेबांना हलकेच हलवलं.

साहेबांनी डोळे उघडले. वर हैबती वाकलेला. एका हातात खडू, दुसऱ्या हातात विळा.

"साहेब, सही कंच्या हातानं करता?" हैबतीनं आदरानं विचारलं. "त्येवढा हात तालुक्याला धाडायचाय. बाकीचं तुमी झोपा."

साहेब झोपले नाहीत. ते कसे उठले, कसे खिडकीतून बाहेर पडले आणि ड्रायव्हर जेवत असताना जीप स्वतःच चालवत कसे गेले, हे मुलांनी नंतर पुष्कळ दिवस एकमेकांना करून दाखवलं. एक बूट बाकाखाली राहिला.

मॅडम धावत आल्या. सगळं ऐकून त्या तिथंच बाकावर बसल्या. संगणक गेले, असंच त्यांना वाटलं. घरून धावत आलेल्या पिसाळ सरांनी कवळी काढून रुमालात ठेवली, आता बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. हैबती सगळ्यांच्या तोंडाकडं बघत राहिला, आणि मग हळूच जाऊन स्टुलावर हात फिरवून आला.

काही वेळानं मोबाईल वाजला. भाऊसाहेबच होते.

"सही पोचली," ते म्हणाले. "साहेब आलेत. घामाघूम आहेत, एका पायात बूट नाही. आल्या आल्या त्यांनी नव्या कागदावर सही केली. संगणक कायमचे गोंदणखोऱ्याला. खाली असंही लिहिलंय, की राखणारा माणूसही कायम तिथंच ठेवावा, त्याला गावाबाहेर कुठंही पाठवू नये. आणि साहेब विचारतायत, आता अजून काही पाठवायचं राहिलंय का?"

"न्हाई," हैबती म्हणाला. "पर सगळं साहेब कशाला आलं? हात पुरला आसता."

शाळेत त्या संध्याकाळी पुन्हा पुरणपोळी झाली. ढवळे मॅडमनी हैबतीच्या पानात तूप वाढलं आणि म्हणाल्या, "हैबती, तुझ्यामुळंच राहिले रे संगणक. पण एवढी एकच खूणगाठ बांध. माणसाचे तुकडे करायचे नसतात. कधीच नाही."

हैबतीला ते फार पटलं. त्यानं टॉवेल काढला. पण टॉवेल इतक्या दिवसांत गाठींनी पार आकसला होता आणि ही गाठ तर मोठी हवी होती. त्यानं इकडंतिकडं बघितलं. भिंतीला धरून ती लांबलचक निळी तार गेली होती, पहिल्या संगणकापासून निघालेली. हैबतीला ती नेहमीच जरा जास्त वाटायची. त्यानं ती ओढून घेतली आणि पाय लावून तिला अशी करकचून गाठ मारली, की आतले केसासारखे धागे कटकन तुटले.

आता नवी तार मिळायची, तर आधी साहेबांची तपासणी लागते. आणि साहेब काही गोंदणखोऱ्याला येत नाहीत. तेव्हापासून पहिल्या संगणकावर मुलीनं निरोप लिहिला, की हैबती स्टुलावरून उठतो, निरोप वाचतो आणि खोली ओलांडून सहाव्या संगणकापाशी जाऊन सांगतो. एका वेळी एकच शब्द नेतो, नंबर घालून. आणि पोच घेतल्याशिवाय परत येत नाही.